दुधाची पिशवी आणि सहापदरी रस्ता

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



राजकारणाचा विचार करू लागले की मोठे शब्द आधी आठवतात. सत्ता, संपत्ती, उत्पादनाची साधने, राज्यसंस्था हे शब्द आवश्यकच आहेत; त्यांच्यावाचून कोणताही गंभीर विचार पुढे सरकत नाही. परंतु समाजाची खरी घडण कधीकधी अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या कृतीतून अधिक स्वच्छ दिसते. घरातले दूध संपले आहे आणि ते आणावयाचे आहे, ही अशीच एक कृती. ते कोण आणणार, कसे आणणार, त्याला किती वेळ लागणार आणि वाटेत त्याच्या जिवाला किती धोका असणार, या चार प्रश्नांच्या उत्तरांत त्या समाजातील सत्तेची वाटणी बरीचशी सापडते. जगातील सर्वांत धनाढ्य राष्ट्राच्या उपनगरांत पायी जाऊन दूध आणणे इतके कठीण का होऊन बसले, आणि त्या कहाणीतून महाराष्ट्रातील कार्यकर्त्याने काय शिकावे, हा आजचा विषय आहे.

महाराष्ट्रातील हजारो मध्यमवर्गीय कुटुंबांना या प्रश्नाची ओळख ग्रंथांतून नव्हे, अनुभवातून झालेली आहे. मुलगा किंवा मुलगी नोकरीनिमित्त न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये वा कॅलिफोर्नियात स्थायिक होते. आई-वडील सहा महिन्यांसाठी तेथे जातात. पुण्यात किंवा सांगलीत असताना या वृद्ध गृहस्थांचा सारा दिवस स्वतःच्या पायांवर उभा असतो. सकाळी दुधाची पिशवी, मग वर्तमानपत्र, मंडईतून मेथीची जुडी, बँकेत पासबुक भरून घेणे आणि वाटेत दोन-चार ओळखीचे चेहरे. सत्तराव्या वर्षीही स्वतःच्या कामासाठी त्यांना कोणाची मनधरणी करावी लागत नाही. अमेरिकेत पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच त्यांना कळून चुकते की, दुकान अवघ्या दीड किलोमीटरवर आहे, म्हणजे हिशेबाने वीस-पंचवीस मिनिटांची वाट आहे, आणि तरीही तेथे पायी जाणे हे एक साहस आहे.

ती वाट कशी असते ते नीट पाहिले पाहिजे. घरासमोरची गल्ली शांत व स्वच्छ असते. परंतु ती कोठेही जात नाही. वळणे घेत घेत ती एका गोल अंगणात संपते. मागच्या कुंपणापलीकडे दुकानाची पाटी दिसत असली तरी कुंपणातून वाट नाही. म्हणून उलट दिशेने वसाहतीच्या एकुलत्या एका तोंडापर्यंत चालत यावे लागते. तेथून मोठा रस्ता सुरू होतो. पदपथ काही अंतर सोबत करतो आणि मग एखाद्या हिरवळीपाशी, काहीही कारण न देता, नाहीसा होतो. गवतातून चालत पुढे गेल्यावर चौक येतो. सहा पदर, शिवाय वळणाऱ्या मोटारींसाठी निराळे पदर. खांबावरचे बटण दाबल्याखेरीज पादचाऱ्यासाठी दिवा लागत नाही, आणि लागला तरी वृद्ध पावले दुभाजकापर्यंत पोचतात न पोचतात तोच तो लुकलुकू लागतो. त्यातच, समोर लाल दिवा असतानाही उजवीकडे वळण्याची मुभा मोटारींना असते. १९७० च्या दशकातील तेलटंचाईत इंधन वाचावे म्हणून ही मुभा जवळजवळ देशभर देण्यात आली. थांबलेल्या मोटारीचे पेट्रोल वाचले. त्याची किंमत रस्ता ओलांडणाऱ्याने मोजली.

चौक ओलांडला तरी दुकान येत नाही. आधी मोटारी उभ्या करण्याचे विस्तीर्ण डांबरी मैदान येते. उन्हाळ्यात ते तव्यासारखे तापलेले असते, हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ लोटून त्याच्याच कडेला ढीग घातलेले असतात. त्यातून वाट काढीत दारापर्यंत पोचायचे, आणि येताना जवळजवळ चार लिटरचा दुधाचा कॅन हातात धरून तेच दिव्य पुन्हा करायचे. वाटेत एखादा सहृदय मोटारचालक गाडी थांबवून विचारतो, काही अडचण आहे काय, मोटार बिघडली आहे काय? पायी चालणारा माणूस म्हणजे संकटात सापडलेला माणूस, अशी त्या जगाची प्रामाणिक समजूत आहे. त्यानंतर ते गृहस्थ सहसा पुन्हा पायी जात नाहीत. शनिवारी मुलाला सवड मिळेपर्यंत ते यादी करीत बसतात. ज्या माणसाने जन्मभर कोणाकडे काही मागितले नाही, त्याला कोथिंबिरीसाठी मुलाच्या तोंडाकडे पाहावे लागते. घरात त्यांना काहीही कमी नसते. कमी असते ती स्वतःच्या पायांनी जगण्याची मुभा.

हे आपोआप घडले नाही

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते. अमेरिकन माणूस श्रीमंत आहे, देश अफाट आहे, मोटार स्वस्त आहे. म्हणून तो चालत नाही, एवढेच. जणू समृद्धी वाढली की पाय आपोआप निकामी होतात! इतिहास तसे सांगत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेची शहरे पायी चालणाऱ्यांची आणि ट्रामची शहरे होती. रस्ता हा सर्वांचा होता. मुले तेथे खेळत, फेरीवाले गाड्या लावीत, माणसे हवी तेथून रस्ता ओलांडीत. मोटारी वाढल्या तशी रस्त्यांवर माणसे, विशेषतः मुले, मरू लागली, आणि जनक्षोभ मोटारींच्या विरुद्ध उसळला. १९२३ साली सिनसिनाटी शहरात मोटारींना ताशी पंचवीस मैलांच्या वर धावू न देणारे यंत्र बसवावे, या मागणीवर बेचाळीस हजारांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या. मोटार-व्यवसायाने सारी शक्ती पणाला लावून तो प्रस्ताव मतदानात हाणून पाडला. त्यानंतर दोषाची दिशाच बदलण्यात आली. रस्त्यात मोटार का आली हा प्रश्न मागे पडला, आणि रस्त्यात माणूस का आला हा प्रश्न पुढे आला. नियमाबाहेर रस्ता ओलांडणाऱ्यासाठी 'जेवॉकर' हा शब्द प्रचारात आणला गेला. त्यातील 'जे' म्हणजे गावंढळ, शहराची रीत न कळणारा मनुष्य. ज्याचा हक्क हिरावून घ्यायचा त्याला आधी हास्यास्पद ठरवायचे, ही युक्ती जुनीच आहे.

दुसरे पाऊल कायद्याचे. १९२६ साली ओहायो राज्यातील युक्लिड या गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जमिनीच्या वापराचे विभाग पाडण्याचा स्थानिक संस्थांचा अधिकार मान्य केला. कारखान्याचा धूर घरांपासून दूर ठेवावा, हा त्यामागील हेतू योग्यच होता. परंतु न्यायालयाने तेवढ्यावर न थांबता, स्वतंत्र घरांच्या वस्तीत उभी राहणारी भाड्याच्या घरांची इमारत ही परोपजीवी असते, अशा आशयाचे मत नोंदवले. येथे हेतूचा चेहरा उघडा पडतो. दूर ठेवावयाचा होता तो केवळ धूर नव्हता. भाडेकरू हाही दूर ठेवावयाचा होता. पुढे गावोगावी असे नियम झाले की, घरांच्या विभागात किराणा दुकान काढणे हाच गुन्हा ठरला. कोपऱ्यावरचे दुकान व्यापारात हरून बंद पडले असे समजणे चुकीचे आहे. नव्या वस्त्यांत ते उघडण्याची परवानगीच नव्हती.

तिसरे पाऊल कर्जाचे. १९३४ साली स्थापन झालेल्या संघराज्याच्या गृहनिर्माण प्रशासनाने घरकर्जाला सरकारी हमी देण्यास सुरुवात केली. ही हमी मुख्यतः शहराबाहेरच्या नव्या, स्वतंत्र घरांच्या वाट्याला गेली. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगाने धोक्याच्या ठरवून त्यांना कर्जापासून वंचित ठेवण्यात आले. याच प्रशासनाने १९३० च्या दशकात आपल्या मार्गदर्शक पुस्तिकांतून सरळ, एकमेकांना छेदणाऱ्या गल्ल्यांऐवजी वळणाच्या व बंद टोकाच्या गल्ल्यांची शिफारस केली. मघाची ती कोठेही न जाणारी गल्ली निसर्गाने निर्माण केलेली नाही. ती सरकारी शिफारशीची संतती आहे. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन उभे राहिले. चार-पाच वर्षांत सतरा हजारांहून अधिक घरे तयार झाली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना ती सरकारी हमीच्या कर्जावर मिळाली, परंतु करारात अट अशी होती की गोऱ्यांखेरीज इतरांना तेथे राहता येणार नाही. मोटारीचे उपनगर आणि वर्णभेदाचे उपनगर ही एकाच वेळी, एकाच पैशाने बांधली गेली.

चौथे पाऊल रस्त्यांचे. १९५६ साली राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या कारकिर्दीत महामार्गांचा कायदा झाला. एकेचाळीस हजार मैलांचे जाळे विणायचे आणि खर्चाचा नव्वद टक्के भाग संघराज्याने उचलायचा, असे ठरले. ट्राम व बस यांच्या वाट्याला त्या काळी असे काही आले नाही. १९४९ साली मोटारी, टायर व तेल यांच्या काही बड्या कंपन्यांना शिकागो येथील न्यायालयात शिक्षा झाली होती. शहरांच्या वाहतूक कंपन्या ताब्यात घेणाऱ्या एका संस्थेमार्फत बसगाड्या, टायर व इंधन यांच्या विक्रीची मक्तेदारी मिळवण्याचा कट त्यांनी केल्याचे सिद्ध झाले. जनरल मोटर्सला दंड किती झाला? पाच हजार डॉलर. ट्राम नष्ट होण्याचे सारे खापर या एका कटावर फोडणे इतिहासाला धरून होणार नाही. ट्राम कंपन्या आधीपासूनच डबघाईला आल्या होत्या. परंतु एकीकडे खासगी ट्राम आपल्या तोट्यात मरत असताना दुसरीकडे मोटारीसाठी सरकारी तिजोरी उघडी होती, हे सत्य त्या दंडाच्या आकड्याहून अधिक बोलके आहे.

पाचवे पाऊल सर्वांत निरुपद्रवी दिसते. प्रत्येक दुकानाने, कचेरीने, घराने मोटारी उभ्या करण्यासाठी अमुक इतकी जागा राखलीच पाहिजे, असे नियम नगरपालिकांनी केले. डोनाल्ड शूप या अर्थशास्त्रज्ञाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या ग्रंथात दाखवून दिले की, फुकट वाटणारी ही जागा फुकट नसते. तिची किंमत घरभाड्यात आणि दुधाच्या दरात मिसळलेली असते. म्हणजे पायी येणारा ग्राहक मोटारीने येणाऱ्याच्या जागेचे भाडे भरतो. शिवाय या मैदानांमुळे इमारती एकमेकींपासून इतक्या दूर जातात की चालण्यात अर्थच उरत नाही.

कायदा, कर्ज, महामार्ग, वाहनतळ आणि त्याआधी रस्त्यावरील मालकीहक्काचे हस्तांतर: या पाच पावलांनी चालणारा माणूस नकाशावरून पुसला गेला.

किंमत कोण मोजतो

अमेरिकेतील सुमारे आठ टक्के कुटुंबांकडे आजही मोटार नाही. हा आकडा लहान वाटेल. परंतु त्यात अल्पवयीन मुले, दृष्टिहीन, अपंग, परवाना सोडून दिलेले वृद्ध आणि एकाच मोटारीच्या घरात दिवसभर मागे राहणारी गृहिणी यांची भर घातली, म्हणजे स्वतः मोटार चालवू न शकणाऱ्यांची संख्या किती मोठी आहे ते ध्यानात येईल. ज्यांच्याकडे मोटार आहे ते तरी मुक्त आहेत काय? इव्हान इलिच यांनी १९७० च्या दशकात एक हिशेब मांडला होता. मोटारीत बसण्यात, ती उभी करण्यात, तिचे हप्ते, विमा, पेट्रोल, कर व दंड यांसाठी राबण्यात सरासरी अमेरिकन पुरुष वर्षाला सोळाशे तासांहून अधिक वेळ घालवतो, आणि त्या बदल्यात सुमारे साडेसात हजार मैल जातो. भागाकार केला तर वेग ताशी पाच मैलांच्याही आत येतो. पायी चालणाऱ्यापेक्षा तो थोडासाच अधिक! हिशेबातील एखादा आकडा कोणी वादग्रस्त ठरवील. पण ज्या वेगाचा गर्व वाहिला जातो तो वेग मजुरीच्या तासांतून विकत घेतलेला असतो, हा मुद्दा खोडता येत नाही.

याहून मोठी किंमत प्राणांची आहे. २००९ साली अमेरिकेत चार हजार एकशेच्या आसपास पादचारी मोटारींखाली मेले. २०२२ साली हा आकडा साडेसात हजारांच्या वर गेला. त्यात वृद्ध, गरीब, कृष्णवर्णीय व मूळनिवासी यांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने अधिक आहे. याचे कारण त्यांच्या निष्काळजीपणात शोधू नये. ज्यांना चालल्यावाचून गत्यंतर नाही त्यांच्या वस्त्या बहुधा रुंद, वेगवान रस्त्यांच्या कडेला असतात, हे त्याचे कारण आहे.

एक प्रकरण येथे सविस्तर सांगितले पाहिजे. जॉर्जिया राज्यात अटलांटाजवळ मारिएटा हे उपनगर आहे. एप्रिल २०१० मध्ये तेथील एक कृष्णवर्णीय माता आपल्या तीन मुलांसह खरेदी करून बसने परतत होती. तिच्याकडे मोटार नव्हती. एक बस चुकल्यामुळे अंधार पडला होता. बसथांबा रुंद रस्त्याच्या एका बाजूस आणि तिचे घर बरोबर समोर, दुसऱ्या बाजूस. रस्ता ओलांडण्याचा अधिकृत पट्टा सुमारे अर्धा किलोमीटर दूर. म्हणजे रात्री तीन मुले आणि पिशव्या घेऊन तिने एक किलोमीटरचा वळसा घालावा अशी व्यवस्था होती. बसमधून उतरलेल्या इतरांप्रमाणे तीही समोरासमोर रस्ता ओलांडू लागली. दुभाजकावर थांबली असताना चार वर्षांचा मुलगा तिचा हात सोडून पुढे धावला आणि भरधाव मोटारीने त्याला ठार केले. ती स्वतः व तिची धाकटी मुलगी जखमी झाली. मोटारचालक न थांबता निघून गेला. पुढे त्याने गुन्हा कबूल केला व सहा महिने तुरुंगात काढले. आणि त्या मातेवर काय आले? स्वतःच्या मुलाच्या मृत्यूस कारणीभूत झाल्याबद्दल तिच्यावर खटला भरण्यात आला. जुलै २०११ मध्ये गोऱ्या ज्यूरीने तिला दोषी ठरवले. तिला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. म्हणजे चालकाने भोगलेल्या शिक्षेच्या सहापट. देशभर संताप उसळल्यावर न्यायाधीशांनी परिवीक्षेची शिक्षा देऊन फेरखटल्याची मुभा दिली, आणि २०१३ साली केवळ नियमाबाहेर रस्ता ओलांडल्याचा दोनशे डॉलर दंड भरून प्रकरण मिटले.

या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात एक आई उभी होती. ज्यांनी बसथांबा घरासमोर ठेवला आणि पट्टा अर्धा किलोमीटर दूर आखला, त्यांच्यावर मात्र कोणीच आरोप ठेवला नाही. कारण त्यांनी कायदा मोडला नव्हता. तो कायदा आणि तो रस्ता त्यांच्याच धोरणाने बनला होता.

मोटार शत्रू नव्हे, सक्ती शत्रू

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. मोटारीने कोट्यवधी सामान्य माणसांना स्वातंत्र्य दिले, हे कसे नाकारता येईल? दूरच्या शेतावर एकाकी राहणाऱ्या स्त्रीला तिने शेजार दिला. दक्षिणेतील कृष्णवर्णीयांना बसच्या मागच्या बाकांवरील अपमानातून तिने सोडवले. माँटगोमेरी येथील प्रसिद्ध बस-बहिष्कार १९५५ च्या डिसेंबरपासून ३८१ दिवस चालला. त्यात हजारो मोलकरणी व मजूर रोज मैलोगणती चालले हे खरे. परंतु चर्चसंस्थांनी उभ्या केलेल्या सामायिक मोटारींच्या व्यवस्थेनेही तो लढा तगवला, हेही तितकेच खरे. म्हणून मोटारीला पाप ठरवून चालणार नाही.

पण त्याच लढ्याची दुसरी बाजू पाहावी. बस नाकारता आली, याचे कारण पाय उरलेले होते. कामाचे ठिकाण दूर असले तरी चालून गाठता येत होते, आणि ज्याला चालता येत नव्हते त्याच्यासाठी शेजाऱ्याची मोटार होती. नाकारण्याची शक्ती पर्यायांतून येते. जेथे एकच साधन शिल्लक ठेवले आहे तेथे ते साधन स्वातंत्र्य राहत नाही. तो जगण्यावर बसवलेला कर होतो. लोकांनी मोटार निवडली असे म्हणणाऱ्यांना विचारले पाहिजे की, दुसरी निवड कायद्याने शिल्लक होती काय? कोपऱ्यावरचे दुकान बेकायदा, भाड्याची इमारत बेकायदा, वाहनतळावाचूनचे बांधकाम बेकायदा, आणि त्यानंतर लोकांची आवड काय ते मोजायचे, ही लोकशाही नव्हे.

आनंदाची गोष्ट अशी की, जे नियमांनी घडले ते नियमांनी बदलू लागले आहे. जेन जेकब्स यांनी १९६१ सालीच पायी चालणाऱ्यांच्या गजबजलेल्या मोहल्ल्यांची बाजू मांडली होती. तिचे मोल धोरणकर्त्यांना पटण्यास अर्धे शतक लागले. बफेलो शहराने २०१७ साली वाहनतळाची सक्ती उठवली. मिनियापोलिसने एका भूखंडावर एकच घर हा नियम मोडीत काढला. ओरेगॉन राज्याने २०१९ साली तसाच कायदा केला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३ पासून, तत्काळ धोका नसेल तर पट्ट्याबाहेर रस्ता ओलांडणाऱ्याला पोलीस अडवू शकत नाहीत. शंभर वर्षांपूर्वी गावंढळ ठरवलेल्या माणसाला त्याचा रस्ता थोडाथोडा परत मिळू लागला आहे.

महाराष्ट्रातील प्रश्न

आणि नेमक्या याच वेळी महाराष्ट्र अमेरिकेची टाकून दिलेली वस्त्रे हौसेने अंगावर चढवीत आहे. पुण्याच्या कडेने गेलेल्या कात्रज-देहूरोड बाह्यवळणाच्या दोन्ही बाजूंना वस्ती वाढली. एका बाजूच्या माणसाला दुसऱ्या बाजूची भाजी आणणे हे जिवावरचे काम झाले. हिंजवडी, वाघोली अशा ठिकाणी उंच कुंपणांची संकुले उभी राहिली. त्यांच्या आत बागा आहेत, व्यायामशाळा आहेत; फाटकाबाहेर पाय टाकला की चिखल, खड्डे आणि भरधाव रहदारी. मुंबईत २००८ पासून पादचाऱ्यांसाठी आकाशमार्ग बांधले गेले. त्यामागचा विचार असा की, रस्ता मोटारींना मोकळा हवा, तेव्हा माणसाने जिने चढावेत. गुडघेदुखीच्या आजीबाईंनी दोन मजले चढायचे आणि मोटारीने मात्र सपाट धावायचे, यालाच सोय म्हणण्यात आले.

अमेरिकेत बहुसंख्यांकडे मोटार आहे. भारतात बहुसंख्यांकडे ती नाही. २०११ च्या जनगणनेनुसार शेती व घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांपैकी पाचांतील एकाहून अधिक कामगार पायीच कामावर जात होते. शाळकरी मुले आणि बाजारहाट करणाऱ्या स्त्रिया यात मोजलेल्याच नाहीत. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत एक लाख अडुसष्ट हजारांवर माणसे मेली, त्यांत बत्तीस हजारांहून अधिक पादचारी होते. अमेरिकेने बहुसंख्यांच्या सोयीसाठी अल्पसंख्यांचे पाय बांधले, असे फार तर म्हणता येईल. येथे अल्पसंख्यांच्या सोयीसाठी बहुसंख्यांचे पाय बांधले जात आहेत.

तरीही या भूमीजवळ एक ठेवा अजून शिल्लक आहे. कोपऱ्यावरचा वाणी, दारावर येणारी भाजीची हातगाडी, पिठाची गिरणी, चांभाराची पेटी, इस्त्रीचे टेबल. घरापासून शंभर पावलांत दिवसाची निम्मी कामे होतात ती यांच्यामुळे. अमेरिकेतील नगरे आज नियम बदलून, पैसा ओतून जे परत आणू पाहत आहेत ते येथे कोणत्याही योजनेवाचून उभे आहे. म्हणून पदपथ मोकळे करण्याच्या नावाखाली पहिला घाव फेरीवाल्यावर पडतो तेव्हा कार्यकर्त्याने सावध झाले पाहिजे. पदपथावर अडचण होते हे खोटे नाही, आणि चालणाऱ्याला पुरेशी रुंदी मिळालीच पाहिजे. पण त्याच पदपथाशेजारी दिवसभर फुकट उभ्या असलेल्या मोटारी किती जागा अडवतात, याचे मोजमाप आधी झाले पाहिजे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण व नगर पथविक्रेता समिती यांची तरतूद केली आहे. तिची अंमलबजावणी मागितली पाहिजे. फेरीवाला आणि पादचारी यांना एकमेकांशी झुंजवून रस्ता मोटारीला देणे, हा जुनाच डाव आहे. भाजीवाली उठली की भाजी दीड किलोमीटरवरच्या वातानुकूलित दुकानात जाते, आणि तेथे पोचायला मोटार लागते. मारिएटाची वाट येथून सुरू होते.

कायद्याचा आधार नाही असेही नाही. माणसे हलवायची, वाहने नव्हेत, हे तत्त्व २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने मान्य केले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पदपथाचा हक्क हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे स्पष्ट केले. परंतु न्यायालयाचा निर्णय आपल्या पायांनी प्रभागात चालत येत नाही. त्याला तेथे घेऊन जावे लागते.

ते काम कार्यकर्त्यांचे आहे, आणि त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. प्रभागातील एक सत्तर वर्षांची आजी आणि एक आठ वर्षांचे मूल यांच्याबरोबर दूध आणायला चालत जावे. पदपथ कोठे तुटतो, वाहने कोठे उभी आहेत, सिग्नल किती सेकंदांचा आहे, बसथांब्यासमोर ओलांडण्याचा पट्टा आहे की नाही, ते वहीत लिहावे. मग महापालिकेचे अंदाजपत्रक उघडून उड्डाणपुलांना किती आणि पदपथांना किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडावेत व ते चौकात फळ्यावर लावावेत. नगरसेवकाला निवेदन देण्याऐवजी त्याच वाटेने पिशवी घेऊन चालण्याचे निमंत्रण द्यावे. नव्या संकुलाला परवानगी देताना कुंपणातून सार्वजनिक वाट आणि आत दुकानांसाठी जागा ठेवली आहे काय, हे विकास आराखड्याच्या हरकतींच्या मुदतीत विचारावे. मुदत संपल्यावर नव्हे.

मोर्चाला रुंद रस्ता सहज मिळतो, कारण मोर्चात संख्या असते. एकट्याने दूध आणायला निघालेल्या माणसापाशी संख्या नसते. त्याचा रस्ता राखण्यासाठीच पक्ष असतो. ज्या प्रभागात ती आजी कोणाचाही हात न धरता दुधाची पिशवी घेऊन घरी परतते, तेथे कार्यकर्त्यांनी काही काम केले असे म्हणता येईल.